तीनशे तेहतीस मते आणि नवापूरचा फलाट

सुरतेहून भुसावळकडे जाणाऱ्या लोहमार्गावर नवापूर नावाचे एक लहानसे स्थानक आहे. नंदुरबार जिल्ह्याची आणि महाराष्ट्राची हद्द या स्थानकाच्या फलाटावरच संपते. फलाटाचा एक भाग महाराष्ट्रात, तर दुसरा गुजरातेत मोडतो. सीमेवर ठेवलेल्या एका बाकाच्या अर्ध्या भागावर महाराष्ट्राचे आणि अर्ध्या भागावर गुजरातचे नाव रंगविलेले आहे. नवखा प्रवासी कौतुकाने त्या बाकावर बसून छायाचित्र काढून घेतो आणि गाडी आली की निघून जातो. ज्यांची शेती, सोयरीक आणि बाजारहाट या रेषेच्या दोन्ही अंगांना विभागली गेली, त्यांना मात्र ही रेषा कधी गमतीची वाटली नसेल.

ही रेषा कायद्याने १ मे १९६० रोजी आखली गेली. तथापि, जी वाट तिथवर पोहोचली, तिचा उगम पाहावयाचा तर साडेतीन वर्षे मागे जावे लागते. १६ ऑक्टोबर १९५६ रोजी, जन्माला येऊ घातलेल्या विशाल द्वैभाषिक मुंबई राज्यातील काँग्रेस विधिमंडळ पक्षाच्या नेतेपदाची निवडणूक झाली. एका बाजूस महसूलमंत्री भाऊसाहेब हिरे उभे होते आणि दुसऱ्या बाजूस त्यांच्याहून आठ वर्षांनी लहान असलेले यशवंतराव चव्हाण. यशवंतरावांना ३३३ मते मिळाली, तर हिरे यांना १११. वयाची चव्वेचाळिशीही न गाठलेला कऱ्हाडचा हा नेता देशातील एका सर्वांत मोठ्या राज्याचा मुख्यमंत्री होणार, हे त्या दिवशी निश्चित झाले. हे यश त्यांनी कसे मिळविले आणि त्याचे मोल कोणी चुकते केले, हे दोन्ही प्रश्न त्यांच्या चरित्राचा विचार करताना एकत्रच घ्यावे लागतात.

देवराष्ट्रे ते मुंबई

यशवंतराव बळवंतराव चव्हाण यांचा जन्म १२ मार्च १९१३ रोजी देवराष्ट्रे या आजोळच्या गावी झाला. हे गाव तेव्हा सातारा जिल्ह्यात होते. आज ते सांगली जिल्ह्यात आहे. वडील न्यायालयात बेलिफ होते. यशवंतराव लहान असतानाच त्यांचे निधन झाले आणि विठाबाईंनी कष्टाने मुले वाढविली. कऱ्हाडच्या टिळक हायस्कूलमध्ये शिकत असताना हा मुलगा स्वातंत्र्य चळवळीत ओढला गेला. १९३२ मध्ये त्यांना अठरा महिन्यांची शिक्षा झाली. त्या काळात तुरुंग हे अनेकांचे दुसरे विद्यालय असे, तसेच ते त्यांचेही ठरले. गांधीवाद, समाजवाद आणि रॉयवाद या सर्वांचा परिचय त्यांना तेथे आणि त्यानंतरच्या वर्षांत झाला. कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयातून १९३८ मध्ये ते बी. ए. झाले आणि १९४१ मध्ये पुण्यात त्यांनी कायद्याची पदवी मिळविली.

त्यांच्या राजकीय शिक्षणातील एक प्रसंग या विषयाच्या दृष्टीने लक्षणीय आहे. १९३७ च्या प्रांतिक निवडणुकीत सातारा जिल्ह्यातून काँग्रेसची उमेदवारी कोणाला द्यावयाची, हा वाद होता. पक्ष तोवर प्रामुख्याने शहरी, सुशिक्षित वकिलांच्या हाती होता. शेतकरी कुटुंबातून आलेल्या आत्माराम पाटील या कार्यकर्त्याला उमेदवारी मिळावी, असा आग्रह जिल्ह्यातील तरुणांनी धरला आणि त्या खटपटीत विद्यार्थी यशवंतराव पुढे होते. पाटलांना उमेदवारी मिळाली आणि ते निवडून आले. लढाईचा निकाल मतदानाच्या पेटीत लागत असला, तरी ती लढाई कोणी लढावयाची याचा निर्णय त्याआधी पक्षाच्या बैठकीत होतो, हा धडा चोविसाव्या वर्षी त्यांना मिळाला. पुढील अर्धशतक तो धडा त्यांनी कधी विस्मरणात जाऊ दिला नाही.

१९४२ च्या जूनमध्ये फलटणच्या वेणूताईंशी त्यांचा विवाह झाला आणि ऑगस्टमध्ये ते भूमिगत झाले. लग्नाला वर्षही झाले नव्हते तोच वेणूताईंना अटक झाली. पुढे यशवंतरावही पकडले गेले. सातारा त्या काळात पेटला होता आणि तसेच नंदुरबारही. ९ सप्टेंबर १९४२ रोजी नंदुरबारच्या रस्त्यावर पोलिसांच्या गोळ्यांनी शिरीषकुमार मेहता हा शाळकरी मुलगा आणि त्याचे चार सोबती बळी पडले. शिरीषकुमारच्या घरची भाषा गुजराती होती. ज्या गावाने मराठी-गुजराती असा भेद न करता आपली मुले देशाला दिली, त्याच गावाभोवतीचा मुलूख अठरा वर्षांनी भाषेच्या नावाने कापला जाणार होता. हा इतिहासाचा विपर्यास म्हणावा लागेल.

१९४६ मध्ये यशवंतराव मुंबई विधानसभेवर निवडून आले आणि संसदीय चिटणीस झाले. १९४८ मध्ये केशवराव जेधे आणि शंकरराव मोरे यांच्या प्रेरणेने शेतकरी कामकरी पक्ष उभा राहिला, तेव्हा बहुजन समाजातील अनेक कर्तबगार कार्यकर्ते काँग्रेस सोडून गेले. यशवंतरावांवरही तो मोह पडला नसेल असे नाही. परंतु ते गेले नाहीत. जे गेले त्यांना व्यासपीठ मिळाले, जे राहिले त्यांना पक्षयंत्रणा मिळाली. यशवंतराव प्रदेश काँग्रेसचे चिटणीस झाले आणि १९५२ च्या निवडणुकीनंतर मोरारजी देसाई यांच्या मंत्रिमंडळात पुरवठा खात्याचे मंत्री. धान्याची टंचाई आणि नियंत्रण यांचा तो काळ. या खात्यात कीर्ती मिळण्यापेक्षा अपकीर्ती पदरी पडण्याचा संभव अधिक होता. यशवंतराव त्यातून निभावून निघाले.

फलटणचा निर्णय

राज्य पुनर्रचना आयोगाचा अहवाल १९५५ च्या ऑक्टोबरमध्ये प्रसिद्ध झाला आणि महाराष्ट्राचे राजकारण ढवळून निघाले. मुंबईसह संयुक्त महाराष्ट्र ही मराठी जनतेची मागणी. आयोगाने सुचविले ते विदर्भ वगळून मराठी-गुजराती द्वैभाषिक. त्यानंतर मुंबई, महाराष्ट्र आणि गुजरात अशा तीन राज्यांची योजना पुढे आली. २१ नोव्हेंबर १९५५ रोजी फ्लोरा फाउंटनला गोळीबार झाला. १६ जानेवारी १९५६ रोजी मुंबई केंद्रशासित करण्याची घोषणा झाली आणि रस्त्यांवर पुन्हा रक्त सांडले. चळवळीतील हुतात्म्यांची संख्या शंभराच्या वर गेली. चिंतामणराव देशमुखांसारख्या अर्थमंत्र्याने केंद्रीय मंत्रिपद सोडले.

या वादळात यशवंतरावांनी १९५५ च्या डिसेंबरच्या आरंभी फलटण येथे आपली भूमिका जाहीर केली. पंडित नेहरूंचे नेतृत्व आणि संयुक्त महाराष्ट्र यांत निवड करण्याची पाळी आलीच, तर आपण नेहरूंची बाजू घेऊ, असा तिचा आशय होता. शंकरराव देव यांच्या नेतृत्वाशी त्यांनी उघड फारकत घेतली. मराठी मुलखात या भूमिकेवर संतापाची लाट उसळली. सूर्याजी पिसाळाशी त्यांची तुलना झाली, सभा उधळल्या गेल्या, त्यांच्या निष्ठेवर आणि हेतूवर शिंतोडे उडविले गेले.

या भूमिकेचे दोन अर्थ लावता येतात आणि दोन्हींत तथ्य आहे. दिल्लीची मर्जी संपादन करण्याचा हा प्रयत्न होता, असे विरोधकांनी म्हटले. उलट, दिल्लीशी वैर पत्करून मुंबई मिळणार नाही, ती मिळवावयाची तर काँग्रेसच्या आत राहून नेहरूंचे मन वळवावे लागेल, हा त्यामागील विचार होता, असे समर्थक म्हणत आले. मनुष्याच्या अंतःकरणात हिशेब आणि श्रद्धा यांचे कप्पे इतके वेगळे नसतात की चरित्रकाराने त्यांवर चिठ्ठ्या डकवाव्यात. परिणाम मात्र निर्विवाद आहे. १९५६ च्या ऑगस्टमध्ये संसदेने गुजरात, सौराष्ट्र, कच्छ, मराठवाडा आणि विदर्भ यांना एकत्र आणणारे विशाल द्वैभाषिक स्वीकारले. महाराष्ट्राबाहेरच्या काँग्रेसजनांना ज्याचे नाव घेताना संकोच वाटू नये, असा मराठी नेता तेव्हा एकच उरला होता.

आकडा कसा जमला

भाऊसाहेब हिरे हे काही सामान्य प्रतिस्पर्धी नव्हते. मालेगाव तालुक्यातील निमगावचे हे शेतकऱ्याचे पुत्र. महाराष्ट्र प्रदेश काँग्रेसवर त्यांचा दीर्घकाळ प्रभाव होता. महसूलमंत्री या नात्याने कूळकायद्याच्या सुधारणेशी त्यांचे नाव निगडित आहे. कसेल त्याला जमीन मिळाली पाहिजे, ही त्यांची तळमळ खरी होती. मालेगावपासून खानदेशाची हद्द दूर नाही. धुळे-नंदुरबारकडच्या कार्यकर्त्याला हिरे आपल्या दारचे वाटत. १९५३ च्या नागपूर करारावर हिरे आणि चव्हाण या दोघांच्याही स्वाक्षऱ्या होत्या. म्हणजे दोघांत ध्येयाचे अंतर फारसे नव्हते. अंतर होते ते त्या वादळातील वर्तनाचे. हिरे लोकमताच्या जवळ राहिले, यशवंतराव पक्षश्रेष्ठींच्या.

नेतेपदावर पहिला हक्क अर्थातच मोरारजी देसाई यांचा होता. निवड एकमताने होणार असेल तरच आपण हे पद स्वीकारू, असा पवित्रा त्यांनी घेतला. मराठी सभासदांत त्यांच्याविषयी असलेली कटुता पाहता एकमत अशक्य होते. मोरारजी बाजूला झाले आणि दिल्लीला गेले. मग सरळ सामना उरला तो हिरे आणि चव्हाण यांच्यात.

आता मतदार कोण होते ते पाहावे. ते केवळ जुन्या महाराष्ट्राचे आमदार नव्हते. गुजरातचे होते, सौराष्ट्र आणि कच्छचे होते, निजामाच्या राजवटीतून मुक्त झालेल्या मराठवाड्याचे होते, मध्य प्रदेशातून येऊ घातलेल्या विदर्भाचे होते. गुजराती सभासदांना संयुक्त महाराष्ट्राच्या बाजूने झुकलेला नेता नको होता. विदर्भ आणि मराठवाडा यांना पुण्या-नाशिकच्या जुन्या गटांशी कर्तव्य नव्हते. त्यांना आपले म्हणणे ऐकून घेणारा मनुष्य हवा होता. यशवंतरावांचा स्वभाव ऐकून घेण्याचा होता. ज्याला मोरारजींची नापसंती नाही, नेहरूंचा विश्वास आहे आणि ज्याच्याशी कोणाचे जुने भांडण नाही, असा उमेदवार अशा मतदारसंघात आपोआप वजनदार होतो. काही महिन्यांपूर्वी जो स्वतःच्या मुलखात एकाकी पडला होता, त्याच्याभोवती पाहता पाहता तिपटीचे बहुमत गोळा झाले.

पक्षांतर्गत निवडणुकीचे हे गणित जगभर थोड्याफार फरकाने असेच असते. अमेरिकेत १९६० च्या मे महिन्यात, महाराष्ट्र राज्य स्थापन झाल्यानंतर अवघ्या दहा दिवसांत, वेस्ट व्हर्जिनिया राज्यात डेमोक्रॅटिक पक्षाची प्राथमिक निवडणूक झाली. बेचाळीस वर्षांचे जॉन केनेडी तेथे ह्युबर्ट हम्फ्री यांच्यावर मात करून पुढे निघाले. केनेडी कॅथॉलिक होते आणि राज्यात बहुसंख्या प्रॉटेस्टंटांची. म्हणूनच त्या विजयाचा बोलबाला झाला. पण त्या निवडणुकीत मत कोणाचे होते? खाणीत राबणाऱ्या मजुराचे, शेतकऱ्याचे, शिक्षिकेचे. पक्षाचा उमेदवार कोण असावा, हे पक्षाचा साधा मतदार तेथे पेटीत मत टाकून सांगू शकत होता. १९५६ च्या मुंबईत हा अधिकार ४४४ जणांपुरता होता. यशवंतरावांचा विजय नियमाला धरून, गुप्त कारस्थानाशिवाय आणि निर्विवाद बहुमताने झाला. ज्यांच्यावर राज्य करावयाचे, त्यांची संमती मात्र त्यात आलेली नव्हती. हा दोष यशवंतरावांचा नव्हे, पद्धतीचा होय. पण त्याचे ओझे त्यांच्याच खांद्यावर आले.

द्वैभाषिकाचे ओझे

१ नोव्हेंबर १९५६ रोजी त्यांनी मुख्यमंत्रिपदाची सूत्रे हाती घेतली आणि चारच महिन्यांत सार्वत्रिक निवडणूक आली. संयुक्त महाराष्ट्र समितीने पश्चिम महाराष्ट्रात काँग्रेसचा धुव्वा उडविला. स्वतः यशवंतराव कऱ्हाडमधून निसटत्या मताधिक्याने निवडून आले. विधानसभेच्या ३९६ जागांपैकी काँग्रेसने २३४ जिंकल्या खऱ्या. परंतु सरकार टिकले ते मुख्यत्वे गुजरात, विदर्भ आणि मराठवाडा यांच्या आधारावर. पक्षाच्या आत ज्या प्रदेशांनी त्यांना नेता केले, त्यांनीच त्यांना सत्तेवर ठेवले. त्यांच्या घरच्या मुलखाने मात्र पाठ फिरविली.

या नामुष्कीतून दुसरा एखादा नेता कडवट झाला असता. यशवंतरावांनी विरोधकांशी संवाद तोडला नाही. ३० नोव्हेंबर १९५७ रोजी प्रतापगडावर शिवछत्रपतींच्या पुतळ्याचे अनावरण करण्यासाठी नेहरू आले, तेव्हा समितीने प्रचंड निदर्शने केली. मुख्यमंत्र्यांनी ती चिरडली नाहीत. निदर्शने शांततेने पार पडली आणि मराठी जनतेचा कल किती खोल आहे, हे पंतप्रधानांना डोळ्यांनी दिसले. द्वैभाषिक चालवून दाखविण्याची जबाबदारी घेतलेल्या मुख्यमंत्र्यानेच पुढे ते मनाने एकरूप होत नसल्याचे दिल्लीला पटविले. १९५९ मध्ये काँग्रेस अध्यक्षा असलेल्या इंदिरा गांधी यांनीही विभाजनाला अनुकूलता दर्शविली. १ मे १९६० रोजी मुंबईसह महाराष्ट्र अस्तित्वात आला. समितीने रस्त्यावर केलेला त्याग आणि यशवंतरावांनी आतून केलेले मतपरिवर्तन, यांपैकी एक वजा केले तर हा दिवस उजाडला असता असे म्हणवत नाही.

एकशे छप्पन्न गावे

मात्र या मंगलकलशाबरोबर एक पावती आली, तिची चर्चा उत्सवाच्या गजरात फारशी झाली नाही. नव्या राजधानीच्या उभारणीसाठी आणि महसुली तुटीसाठी महाराष्ट्राने गुजरातला रक्कम द्यावयाची ठरले. डांग गुजरातकडे गेला. ठाणे जिल्ह्याच्या उंबरगाव तालुक्यातील गावे गेली. आणि तेव्हाच्या पश्चिम खानदेश जिल्ह्यातील, म्हणजे आजच्या नंदुरबार जिल्ह्याच्या पट्ट्यातील, नंदुरबार, नवापूर, तळोदे आणि अक्कलकुवा या चार तालुक्यांतील १५६ गावे गुजरातला जोडण्यात आली. तापीकाठचे कुकरमुंडे, निझर, तिकडे उच्छल, हा सारा मुलूख सुरत जिल्ह्यात गेला आणि २००७ पासून तापी जिल्ह्यात आहे.

मुंबई मिळविण्यासाठी सौदा करावा लागला आणि सौद्यात काहीतरी द्यावे लागते, हे राजकारणात मान्य करावयास हवे. मुंबईच्या तुलनेत १५६ खेडी ती काय, असेही त्या वेळी अनेकांना वाटले असेल. प्रश्न आहे तो या गावांची भाषा कोणी आणि कशी ठरविली हा. सातपुड्याच्या पायथ्याशी आणि तापीच्या दोन्ही काठांवर राहणारे भिल्ल, मावची, गावित, वसावे, पावरे, कोकणी हे लोक घरात मराठीही बोलत नव्हते आणि गुजरातीही नव्हते. त्यांच्या स्वतःच्या बोली होत्या, आजही आहेत. ग्रियर्सनने आपल्या भाषा-पाहणीत भिली आणि खानदेशी यांना गुजरातीच्या जवळ नेऊन ठेवले. मराठीच्या अभिमान्यांनी त्याच बोली मराठीच्या पदरात घातल्या. दोन्ही पक्षांचे विद्वान जनगणनेचे तक्ते घेऊन भांडले. भिल्ल शेतकऱ्याने शिरगणती करणाऱ्याला काय सांगितले आणि त्याने काय लिहिले, यावर एका गावाचे राज्य ठरू शकत होते.

या वाटणीत भाषेच्या जोडीने पाण्याचाही विचार होता. तापीवर उकाई येथे मोठे धरण बांधण्याची गुजरातची योजना होती आणि बुडीत क्षेत्र धरणाबरोबर एकाच राज्यात असावे, हे सोयीचे होते. ते धरण १९७२ मध्ये पूर्ण झाले. सुरतेची पुरापासून काही प्रमाणात सुटका झाली, दक्षिण गुजरातच्या शेतीला कालवे मिळाले. ज्यांची शिवारे पाण्याखाली गेली, त्यांच्या हद्दीवरचे राज्य बारा वर्षांपूर्वीच बदललेले होते. तक्रार घेऊन मुंबईला जावे की अहमदाबादला, एवढाच फरक त्यांना या सर्व राजकारणातून अनुभवास आला असेल. पुढे हीच कहाणी उत्तरेकडे नर्मदेकाठी पुन्हा घडली. सरदार सरोवराच्या पाण्याने अक्कलकुवा आणि अक्राणी या तालुक्यांतील ३३ गावे बाधित झाली. मणिबेलीचे नाव त्यामुळे देशभर गेले.

१९५६ च्या त्या ४४४ मतांत या वस्त्यांचे मत किती होते? पश्चिम खानदेशातून निवडून गेलेले काँग्रेसचे आमदार मतदानात होते. पण यशवंतरावांना वा हिऱ्यांना मत देताना आपण तापीकाठच्या कोणत्या गावाचे भवितव्य कोणाच्या हाती सोपवीत आहोत, याचा विचार कोणाच्या मनात आला असेल, हे संभवत नाही. पक्षांतर्गत निवडणुकीत नेता निवडला जातो, धोरण नव्हे. उमेदवाराला कोणत्या गटांनी पाठिंबा दिला, हे लोक विसरतात. ते गट मात्र विसरत नाहीत.

विजयाची पुढची वाट

महाराष्ट्राचे पहिले मुख्यमंत्री म्हणून यशवंतरावांना जेमतेम अडीच वर्षे मिळाली. परंतु त्यांची छाप राज्यावर दीर्घकाळ राहिली. वार्षिक उत्पन्न बाराशे रुपयांच्या आत असलेल्या कुटुंबांतील मुलांना फीमाफी मिळाली आणि खेड्यापाड्यांतील पहिली पिढी महाविद्यालयाच्या पायऱ्या चढली. सहकारी साखर कारखानदारीला बळ मिळाले, विश्वकोशाचे काम सुरू झाले, शिवाजी विद्यापीठ निघाले. १ मे १९६२ पासून जिल्हा परिषदा आणि पंचायत समित्या कामाला लागल्या. शहादे-तळोद्याच्या शिक्षकाची बदली, अक्राणीच्या वाटेवरचा पूल, आश्रमशाळेची इमारत, हे विषय जिल्ह्याच्या ठिकाणी निवडून आलेल्या माणसांपुढे येऊ लागले. ज्या नेत्याची स्वतःची निवड मूठभरांनी केली, त्याने निर्णयाचे अधिकार तालुक्यापर्यंत नेले, ही गोष्ट त्याच्या जमेच्या बाजूस ठळकपणे लिहिली पाहिजे.

तथापि याच व्यवस्थेने गावोगावच्या सधन शेतकऱ्याला पक्षाचा आधारस्तंभ बनविले, हेही तितकेच खरे. बेरजेच्या राजकारणात ज्यांच्याकडे संख्या, जमीन आणि संघटन होते ते प्रथम मिळविले गेले. शहादे तालुक्यातील भिल्ल शेतमजूर त्या बेरजेत फार उशिरा आला. हातच्या जमिनी गेल्याची त्याची तक्रार १९७० नंतर अंबरसिंग सुरतवंती आणि श्रमिक संघटना यांच्या चळवळीतून राज्यासमोर आली आणि १९७४ मध्ये आदिवासींच्या जमिनी परत करण्याचा कायदा झाला. कूळकायद्यासाठी झटलेले भाऊसाहेब हिरे तोवर हयात नव्हते. ६ ऑक्टोबर १९६१ रोजी ते निवर्तले.

१९६२ च्या नोव्हेंबरमध्ये चीनच्या आक्रमणाच्या छायेत नेहरूंनी यशवंतरावांना संरक्षणमंत्री म्हणून दिल्लीला बोलावून घेतले. त्यानंतर लोकसभेवर जाण्यासाठी त्यांना मतदारसंघ लागला, तो नाशिकचा. हिऱ्यांच्याच जिल्ह्याने १९६३ मध्ये त्यांना बिनविरोध निवडून दिले. सात वर्षांपूर्वीच्या सामन्याची याहून शांत सांगता कल्पिता येत नाही. गृह, अर्थ, परराष्ट्र अशी एकामागून एक खाती त्यांनी सांभाळली.

परंतु ज्या कलेने त्यांना १९५६ मध्ये विजयी केले, तीच पुढे त्यांना अपुरी पडली. १९६६ च्या जानेवारीत लालबहादूर शास्त्री यांच्या निधनानंतर संसदीय पक्षात इंदिरा गांधी आणि मोरारजी देसाई यांच्यात निवडणूक झाली. यशवंतरावांचे नाव चर्चेत होते. ते रिंगणात उतरले नाहीत. इंदिराजी ३५५ विरुद्ध १६९ मतांनी विजयी झाल्या. १९६९ मध्ये राष्ट्रपतिपदाच्या उमेदवारीवरून पक्ष दुभंगला, तेव्हा प्रथम संजीव रेड्डींच्या नावाला अनुकूल राहून शेवटी ते इंदिराजींच्या बाजूस गेले. कुंपणावर बसणारा नेता असा शिक्का त्यांच्यावर बसला. १९७८ च्या फुटीत ते इंदिराजींच्या विरुद्ध गेले, १९७९ मध्ये चरणसिंग सरकारात उपपंतप्रधान झाले आणि काही काळाने पुन्हा इंदिरा काँग्रेसमध्ये परतले. १९८३ मध्ये वेणूताई गेल्या. २५ नोव्हेंबर १९८४ रोजी दिल्लीत यशवंतरावांची जीवनयात्रा संपली. सर्वांना मान्य होणारा मनुष्य अटीतटीच्या प्रसंगी कोणाचाच पूर्ण उरत नाही, हा त्या यशाचा दुसरा चेहरा होता.

हिशेब

यशवंतराव चव्हाण यांची थोरवी वादातीत आहे. सुसंस्कृतपणा, वाचन, विरोधकाविषयीचा आदर आणि राज्य चालविण्याची दृष्टी यांत त्यांच्या तोडीचे नेते महाराष्ट्राला थोडेच लाभले. १९५६ ची निवडणूक हिऱ्यांनी जिंकली असती तर मुंबई अधिक लवकर वा अधिक स्वस्तात मिळाली असती, असेही म्हणता येत नाही. कदाचित ती मिळालीही नसती. म्हणून त्या दिवशीच्या निकालाला अन्याय्य ठरविण्याचे कारण नाही.

कारण आहे ते निराळ्या विचाराला. तरुण उमेदवार पुढे सरकू लागला की सारे जण त्याचे वय, वक्तृत्व आणि मतांचा आकडा पाहतात. तो आकडा कोणाकोणाच्या मतांनी बनला, आणि ज्यांचे मतच नव्हते त्यांच्या वाट्याला काय येणार, हे पाहण्याची सवय लोकशाहीला अजून लागावयाची आहे. २०१४ च्या लोकसभा निवडणुकीपूर्वी काँग्रेसने मोजक्या मतदारसंघांत कार्यकर्त्यांच्या मतदानाने उमेदवार निवडण्याचा प्रयोग केला. महाराष्ट्रात वर्धा आणि लातूर ही नावे त्यात होती. कार्यकर्त्यांचे वर्तुळ आमदारांच्या वर्तुळापेक्षा मोठे खरे. पण तेही वर्तुळच, आणि त्याच्या बाहेर राहणारा मनुष्य बहुधा डोंगरातला, काठावरचा, सीमेवरचा असतो.

१ जुलै १९९८ रोजी धुळे जिल्ह्यातून नंदुरबार हा स्वतंत्र जिल्हा निर्माण झाला आणि सातपुड्यातील माणसाचे जिल्ह्याचे ठिकाण जवळ आले. १९६० मध्ये पलीकडे गेलेली गावे पलीकडेच राहिली. आता ती परत मागण्यात अर्थ नाही. तिथल्या पिढ्या गुजराती शाळांतून शिकून बाहेर पडल्या आहेत. नात्यागोत्याची माणसे आजही लग्नाला आणि होळीला रेषा ओलांडून येतात-जातात. एक गोष्ट मात्र महाराष्ट्राला करता येण्याजोगी आहे. दर वर्षी १ मे रोजी मंगलकलशाची आणि हुतात्म्यांची आठवण होते, ती उचितच आहे. त्याच दिवशी, राज्य जन्माला येताना ज्यांच्या संमतीवाचून ज्यांची गावे किंमत म्हणून मोजली गेली, त्यांचीही नोंद शाळेच्या इतिहासात दोन ओळींनी व्हावी. नवापूरच्या फलाटावरील बाक हे तिचे एकमेव स्मारक राहू नये.